कुंकू लावलेलं परमिट

मी काय नोकरी करायचो हे कळलं की मराठी माणसं आधी एक पाऊल मागे सरकतात. मग इकडेतिकडे बघून दोन पावलं पुढे येतात आणि हळूच विचारतात, "माझं एक आलंय. जरा बघता का?"

अकरा वर्षं मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत एका खाजगी पार्किंग कंपनीत अपिलं वाचत होतो. वाचत होतो म्हणजे बहुतेक फेटाळत होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण अजूनही कुणी 'मेश्राम, तुम्हाला कधी वाईट नाही का वाटलं?' असं विचारलं की मला एकच केस आठवते. वाटलं. एकदा तर फार वाटलं. ते सांगण्याआधी हा धंदा काय आहे ते सांगतो, कारण ज्यांना गाडी नाही त्यांना तो कळत नाही आणि ज्यांना गाडी आहे त्यांना तो कळून घ्यायची इच्छा नसते.

समजा, तुमच्या फ्लॅटच्या इमारतींना मिळून एक पार्किंग आहे. जवळ हॉस्पिटल असल्यामुळे बाहेरचे लोक फुकटात तिथे गाड्या लावून जातात. रहिवासी चिडतात, मीटिंग घेतात आणि आमच्यासारख्या कंपनीला बोलावतात. आम्ही खांबावर एक बोर्ड लावतो. त्यावर मोठ्या अक्षरात 'परमिटशिवाय पार्किंग नाही' आणि खाली मुंगीच्या अक्षरात बाकी सगळं. बोर्ड न वाचता गाडी लावलीत तरी तुम्ही आमच्याशी करार केला असं धरतात. करार मोडला की काचेवर पिवळी पिशवी, आत पैसे भरायची नोटीस. पोलिसांच्या पिशवीसारखीच दिसते ती, पण तो दंड नव्हे. दंड पोलीस करतात, कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका करते. आमचा असतो तो 'चार्ज'. हा फरक मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याला चार वेळा समजावला आणि चारही वेळा तो म्हणाला, "म्हणजे दंडच ना?"

मग लोक आमच्याकडे अपील करतात. आम्ही ते फेटाळलं तर बाहेरचे स्वतंत्र पंच असतात, त्यांच्याकडे जाता येतं. बहुतेक लोक तिथवर जात नाहीत. दमतात.

अपिलांवरून माणूस ओळखता येतो. इथले लोक चार ओळी लिहितात. त्यातल्या दोन शिव्या असतात. आपली माणसं जन्मापासून सुरुवात करतात. मी या देशात अमुक साली आलो, आजवर एकही टॅक्स चुकवला नाही, दोन्ही मुलं युनिव्हर्सिटीत आहेत, आणि मग तिसऱ्या पानावर गाडी येते. एका गृहस्थांनी तर मुलीचं डॉक्टरीचं सर्टिफिकेट जोडलं होतं. गाडी त्यांची, जागा दुसऱ्याची आणि सर्टिफिकेट मुलीचं. दुसऱ्या एकानं बोर्ड दिसतच नाही हे सिद्ध करायला स्वतःचा फोटो पाठवला होता. फोटोत तो रागानं हात करून 'बघा, कुठे आहे?' असं दाखवत होता आणि त्याचं बोट बरोबर बोर्डावर होतं. हा फोटो आमच्या चहाच्या कपाटावर कित्येक वर्षं चिकटवलेला होता.

या सगळ्यांना मी पत्र क्रमांक सात पाठवायचो. 'आपल्या अडचणीची आम्हाला कल्पना आहे. तथापि...' त्या 'तथापि'वर माझं घर चाललं.

आता ती केस.

दसऱ्यानंतर आठवड्याभरानं माझ्या स्क्रीनवर नॉटिंगहॅमच्या एका वसाहतीतला फोटो आला. छोटी निळी गाडी, वायपरमध्ये खोचलेली झेंडूची दोन फुलं, डॅशबोर्डवर परमिट, आणि परमिटच्या तारखेवर लालभडक डाग. आमचा तपासनीस कॉलिन, अतिशय प्रामाणिक माणूस, त्यानं खाली नोंद केली होती: 'परमिटची तारीख वाचता येत नाही. लाल पदार्थ. रक्त असण्याची शक्यता. गाडीवर फुलं. आसपास कोणी नाही.'

माझी मॅनेजर डेनिस माझ्या खांद्यावरून फोटो बघत होती. ती मला मेश म्हणायची. "मेश, should we ring the police?"

"नको," मी म्हटलं. "हे कुंकू आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करतात."

"गाडीची?"

"गाडीची, हत्यारांची, पुस्तकांची. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची."

डेनिसनं स्वतःच्या कॉम्प्युटरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ह्याची कधी केली असती तर बरा चालला असता."

मागोमाग पोस्टानं अपील आलं. शैलजा कुलकर्णी, वय सत्त्याहत्तर, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं नोकरी करून निवृत्त, नवरा वारलेला, एकट्या राहतात. वळणदार हस्ताक्षरात चार पानं, सुरुवात 'Respected Sir'. त्यांनी सगळं खरं लिहिलं होतं. दसऱ्याच्या सकाळी पाटावर गाडीची किल्ली, लायसन्स, ब्लडप्रेशरचं मशीन आणि हे परमिट असं मांडून पूजा केली. परमिट मिळायला इमारतींचा कारभार बघणाऱ्या एजंटकडे सहा फोन करावे लागले होते, म्हणून ते विशेष मनापासून पुजलं. कुंकू जरा ओलं झालं आणि नेमकं तारखेवर बसलं. वसाहतीत ही पार्किंगची योजना यावी म्हणून मीटिंगमध्ये पहिला हात आपणच वर केला होता, हेही त्यांनी लिहिलं होतं. शेवटी शुभेच्छा, आणि पाकिटात एक वाळलेलं पान.

ते पान डेनिसच्या हातात पडलं. तिनं ते दोन बोटांत लांब धरलं. "मेश, is this what I think it is?"

"नाही, नाही. गांजा नाही. हे आपट्याचं पान. दसऱ्याला आम्ही एकमेकांना देतो. याला सोनं म्हणतात."

"सोनं?" डेनिस खुर्चीत बसली. "म्हणजे अपील करणाऱ्यानं आपल्याला सोनं पाठवलंय?"

आमच्याकडे भेटवस्तूंची एक वही होती. कुणी चॉकलेटचा डबा पाठवला तरी त्यात लिहावं लागे, नाहीतर लाच समजत. डेनिस नियमाची पक्की. तिनं लिहिलं: 'एक पान. वाळलेलं. मूल्य: सोनं (त्यांच्या मते).' आणि पान टाचणीनं त्या ओळीशेजारी टोचलं.

दुसऱ्या दिवशी एक ईमेल आली, तशी अकरा वर्षांत मला दुसरी आली नाही. कुलकर्णी काकूंची मुलगी नेहा लंडनमध्ये हाउन्सलोला राहते, विमानतळाजवळ मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी. तिनं लिहिलं होतं की कृपया माझ्या आईचं अपील मान्य करू नका. आईनं आता गाडी चालवणं थांबवावं, माझ्याकडे राहायला यावं, असं मी दोन वर्षं सांगतेय. ती ऐकत नाही. 'एक साधं परमिट तुला नीट ठेवता येत नाही, गाडी काय चालवणार?' असं मी तिला म्हटलंय. तुम्ही अपील फेटाळलंत तर ती किल्ली द्यायला कबूल आहे. तुम्ही मान्य केलंत तर मला पुन्हा तोंड उघडता येणार नाही.

म्हणजे माय-लेकींची पैज लागली होती आणि पंच मी.

नियमाप्रमाणे गाडी ज्याच्या नावावर त्याच्याशीच आम्ही बोलू शकायचो, म्हणून नेहाला 'या प्रकरणाबद्दल आपल्याशी चर्चा करता येणार नाही' एवढंच कळवलं. डेनिस मात्र विरघळली होती. "परमिट खरं आहे, म्हातारी खरी आहे. Let it go, Mesh?"

इथे मी माती खाल्ली.

मी म्हणालो, "नियम तो नियम. तारीख दिसायला हवी."

का म्हणालो ते आज लिहितो. महिनाभर आधी ऑफिसात कुणीतरी चेष्टेत म्हणालं होतं की इंडियन नाव असलं की मेशकडे पाठवा, सुटेल. चेष्टाच होती, पण मला ती बोचली होती. तेव्हापासून आपल्या नावाचं अपील दिसलं की मी मुद्दाम भिंग घेऊन बसायचो. इंग्रज बाई असती तर मी सोडून दिलं असतं. आणि दुसरं कारण याहून वाईट. मी नागपूरचा. दसऱ्याला आमच्या घरी गाडीला कुंकू लावत नाहीत, आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो आणि बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा म्हणतो. तो डाग बघून माझ्या मनात एका कोपऱ्यात आलं होतं, 'लावा अजून कुंकू.' ज्यांनी आम्हाला माणसाशी माणूस म्हणून वागायला शिकवलं त्यांचं नाव घेऊन मी घरी आलो होतो, आणि आठवड्यानंतर हे. बायकोला, वंदनाला, सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पूजा त्यांनी केली, अंगात तुमच्या आलं."

पत्र क्रमांक सात गेलं. एकदा ते गेलं की आमच्याकडून केस उघडता येत नसे.

चार दिवसांनी फोनवाली मुलगी रजेवर होती म्हणून फोन माझ्याकडे वळवले होते. फोनवर अपील ऐकायचं नाही असा नियम होता. पलीकडून अतिशय व्यवस्थित इंग्रजीत एक बाई बोलायला लागल्या आणि दुसऱ्याच वाक्याला मी ओळखलं. नको ते करून बसलो. मी म्हणालो, "बोला काकू."

"अगंबाई! मराठी? कुठले तुम्ही?"

"नागपूरचा."

"आडनाव?"

"इथे आडनाव सांगायची परवानगी नाही, काकू." कंपनीच्या नियमाचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

"बरं राहिलं. तर अहो, तुमचं पत्र आलं. मी चार्ज भरून टाकते, त्याचं काही नाही. मला फक्त एवढं सांगा, मी चुकले असं तुमचं खरंच म्हणणं आहे का? कारण माझी लेक उद्या येतेय. किल्ली न्यायला."

मला ते आधीच माहीत होतं.

"मी शब्द दिलाय तिला, म्हणून देणार. पण किल्ली गेली की गुरुवारी माझं पोहायला जाणं गेलं. खालच्या मजल्यावरच्या पॅटला मीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, ते गेलं. मग नेहा म्हणणार, एकटी घरात बसून काय करतेस, चल हाउन्सलोला. तिथे मला बॉक्स रूम, अडगळीची खोली. तिची इस्त्रीही तिथेच असते. ती किल्ली गाडीची नाही हो. माझ्या घराची आहे." त्या रडत नव्हत्या. हिशेब सांगावा तसं सांगत होत्या, आणि म्हणूनच मला ऐकवेना.

आमचे फोन रेकॉर्ड व्हायचे. समोर लाल दिवा लागलेला. मी अकरा वर्षांत कधी कुणाला आमच्या विरुद्ध सल्ला दिला नव्हता. तरीही म्हणालो, "काकू, फ्लॅट तुमचा स्वतःचा का?"

"म्हणजे काय! चोवीस वर्षं झाली."

"मग लीज असेल घरात, फ्लॅट घेतानाचा करार. कपाटात."

"देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"ती काढा. गाडीच्या जागेबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचा. आमचा बोर्ड यायच्या आधीचा कागद आहे तो. पत्राच्या शेवटी स्वतंत्र पंचांचा पत्ता आहे. आणि लेकीला सांगा, निकाल अजून लागायचाय, शब्द मोडलेला नाही. मी काही बोललो नाही."

"नाही, नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही कुठे काय बोललात?"

हे या धंद्यातलं उघडं गुपित आहे. कित्येक जुन्या वसाहतींत घराच्या कागदातच लिहिलेलं असतं की अमुक नंबरची जागा तुमची. परमिट दाखवा असं त्यात कुठेही नसतं. नंतर येऊन कुणी खांबावर बोर्ड ठोकला म्हणून तुमच्या घराचा कागद रद्द होत नाही. पण लोक फुलं, पाऊस, आजारपण, मुलीचं सर्टिफिकेट सगळं पाठवतात, आणि लीज मात्र ड्रॉवरमध्येच राहते.

काकूंनी पंचांकडे दोन पानं पाठवली. एक लीजचं. दुसऱ्यावर एकच वाक्य, की चौदा नंबरची जागा माझी आहे आणि माझ्या जागेवर उभं राहायला मला कुणाच्या कागदाची गरज नाही.

कंपनीची बाजू मांडायचं काम माझंच होतं. मी ते चोख केलं. बोर्डाचे फोटो, नकाशा, एजंटशी केलेला करार, कॉलिनची 'रक्त असण्याची शक्यता', सगळं मिळून बेचाळीस पानं. त्यातलं एकही पान मी मुद्दाम कच्चं ठेवलं नाही, हे अजूनही शपथेवर सांगेन. पंचांनी तीन ओळींत आमचा निकाल लावला. मी हरलो त्या दिवशी कँटीनमधून सगळ्यांना केक आणला. डेनिसनं विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, आमच्यात काहीतरी आहे आज. तिनं नेहमीप्रमाणे विश्वास ठेवला.

नेहाची ईमेल आली: 'Thanks a lot.' ते आभार नव्हते हे मला कळलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. दर तिमाहीला काही फोन निवडून ऐकायचे, माणसं ग्राहकांशी नीट बोलतात का ते बघायला. नशीब असं की त्या वेळी नेमका तो फोन निघाला. ऑफिसात कुणाला एक शब्द कळेना. डेनिसनं मला केबिनमध्ये बोलावलं, मशीन माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, "मेश, be a love, translate it for me."

माझाच गुन्हा, साक्षीदार मीच आणि दुभाषीही मीच. मी एकेक वाक्य सांगत गेलो. किल्लीचं सांगितलं, पोहण्याचं सांगितलं, बॉक्स रूममधल्या इस्त्रीचंही सांगितलं. डेनिसची स्वतःची आई लेमिंग्टनला एकटी राहायची. तिनं नाक पुसलं. मग ते वाक्य आलं.

"And what's this bit?"

मी म्हणालो, "मी त्यांना म्हटलं की कृपया आपली सगळी कागदपत्रं काळजीपूर्वक वाचा."

डेनिसनं मशीन थांबवलं. मूर्ख बाई नव्हती ती. मग तिनं फॉर्मवर खूण केली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "Clear advice given. Excellent." मी निवृत्त झालो तरी ते आपट्याचं पान तिच्या वहीत तसंच आहे म्हणे. कुणी फेकायला गेलं तर ती सांगते, हात लावू नका, सोनं आहे ते.

गेल्या दिवाळीत कॉव्हेंट्रीच्या आपल्या मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. वंदना गाणार होती. मंडळानं मोठ्या विश्वासानं पार्किंग माझ्याकडे दिलं, अनुभवी माणूस म्हणून. पिवळं जॅकेट घालून मी रस्त्यावर ठेवतात तसले केशरी प्लास्टिकचे कोन मांडून उभा होतो. एकच जागा उरली होती, खांब आणि एक मोठी गाडी यांच्या मध्ये. तेवढ्यात छोटी निळी गाडी आली.

पुढे येताना ती अगदी सरळ आली. मग मागे घ्यायला लागली. पहिल्या खेपेला कोन आडवा झाला. दुसऱ्या खेपेला उभा केलेला कोन पुन्हा आडवा झाला. शेजारच्या सीटवर चाळिशीतली एक बाई दोन्ही हातांनी डोळे झाकून बसली होती. तिसऱ्या खेपेला मी काचेजवळ गेलो.

"काकू, घाई करू नका. अजून थोडं डावीकडे. कोनाचं मी काही बोललो नाही."

गाडी थांबली. काच खाली आली. पांढऱ्या केसांच्या, काठापदराच्या साडीवर जाड कोट घातलेल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. "तुम्ही ते लीजवाले!"

शेजारचीनं डोळ्यांवरचे हात काढले. "Appeals वाला? काका, मी तुमच्यावर इतकी angry होती! तुम्ही बघा ना आता. आईचा डोळा चांगला आहे, टेस्ट पास केला, मला माहिती. पण हा reverse! आई, please, किल्ली दे. मी लावते गाडी." तिनं तळहात पुढे केला.

काकूंनी गाडी बंद केली. किल्ली काढली. इतकी वर्षं जी मागून मिळाली नव्हती ती लेकीच्या तळहातावरून पलीकडे नेली आणि खिडकीतून माझ्या हातात दिली.

"धरा. तुम्ही लावा. मागे घ्यायचं मला कधीच जमलं नाही, चाळीस वर्षांपूर्वीही नाही."

"आई! मला नाही देत, आणि त्यांना देते?"

"ते परत देतील," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आता तरी आडनाव सांगाल की नाही?"

"मेश्राम."

"बरं, मेश्राम, डावीकडे खांब आहे. जपून."

मी गाडीत बसलो. डॅशबोर्डवर नॉटिंगहॅमचं परमिट होतं, प्लास्टिकच्या पाकिटात. कुंकू पाकिटावर, तारखेला बाजूला ठेवून नीट लावलेलं. तारीख दहा पावलांवरून वाचता आली असती. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसलो असेन, कारण बाहेरून नेहा काचेवर टकटक करत होती. गाडी एका फटक्यात लावली आणि उतरलो.

दोघी समोर उभ्या होत्या. नेहाचा हात अजून पुढेच होता आणि चेहऱ्यावर ईमेलमधलंच आर्जव होतं. आईवर जीव होता तिचा, हे तेव्हाही कळलं होतं. मागच्या वेळी मी तिचं म्हणणं मान्य करून बसलो होतो, तेही भलत्याच कारणांसाठी.

मी किल्ली काकूंच्या हातात ठेवली आणि आडवा पडलेला कोन उभा करायला गेलो.